वाटेगाव ते मॉस्को : डफाचा आवाज जगापर्यंत कसा पोहोचला?

१/
पिंपरी-चिंचवडमधील निगडी येथे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा आहे. दर वर्षी १ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, तेथे हलगी घुमते आणि शाहिरांचे कार्यक्रम होतात. सप्टेंबर २०२२ मध्ये याच माणसाचा पुतळा मॉस्को येथील रुदोमिनो परदेशी साहित्य ग्रंथालयात बसवण्यात आला. ज्याची शाळा दीड दिवसात सुटली असे सांगितले जाते, त्या तमाशातल्या पोराचा आवाज मॉस्कोपर्यंत कसा गेला? आणि तो गेल्यावर गाणाऱ्याच्या पदरात काय पडले? या धाग्यात या दोन प्रश्नांचा मागोवा घेऊ.

२/
तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. वाळवा तालुक्यातील हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. आईचे नाव वालुबाई. वडील भाऊराव मुंबईत साहेबांच्या बंगल्यांवर माळीकाम करीत. घर मातंग समाजातील, गावकुसाबाहेरचे. इंग्रजी राजवटीच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समूहांना जन्मतःच संशयित ठरवले होते. हजेरी, पहारा आणि पोलिसी जाच यांची जी वर्णने अण्णाभाऊंच्या कथा-कादंबऱ्यांत येतात, त्यांची मुळे या भोवतालात आहेत.

३/
शाळेने जे दिले नाही ते तमाशाने दिले. नात्यातील बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. ढोलकी, हलगी, तुणतुणे यांच्या संगतीत हा मुलगा वाढला. पाठांतर दांडगे, आवाज मोकळा आणि लोकांना हसवत ठेवून मध्येच टोचण्याची सोंगाड्याची हातोटी अंगात मुरलेली. तमाशाला त्या काळी प्रतिष्ठित समाजात स्थान नव्हते. परंतु हजार-दीड हजार माणसांना ध्वनिवर्धकाशिवाय रात्रभर जागे ठेवायचे कसे, हे शिकवणारी दुसरी शाळा ग्रामीण महाराष्ट्रात नव्हती.

४/
१९३१-३२ च्या सुमारास हे कुटुंब पोटासाठी मुंबईकडे निघाले. रेल्वेभाड्याला पैसे नव्हते, म्हणून पायी. वाटेत मिळेल ते काम करायचे, चार दिवस चूल पेटवायची आणि पुढच्या मुक्कामाला लागायचे. मुंबईत भायखळ्याची चाळ, पुढे माटुंग्याचा लेबर कॅम्प, असे मुक्काम बदलत गेले. हमाली, फेरीचा धंदा, गिरणीतील काम, असे पडेल ते काम या मुलाने केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके यांवरून त्याने अक्षरे जुळवली.

५/
माटुंग्याच्या लेबर कॅम्पात डास फार. अण्णाभाऊंचे तेथील पहिले गाणे या मच्छरांवर होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. विषय हसण्याचा वाटतो. पण नीट पाहिले तर पुढच्या सगळ्या शाहिरीचे बीज त्यात आहे. ऐकणाऱ्याच्या अंगाला रोज जे चावते, तेथून गाणे सुरू करायचे. तेथून गटार, गटारापासून पालिका, पालिकेपासून सत्ता, अशी वाट श्रोता आपोआप चालू लागतो.

६/
आता त्यांच्या हातातील हत्याराकडे पाहू. पोवाडा हा मराठीतील जुना काव्यप्रकार आहे. अफझलखानाच्या वधावरील अग्निदासाचा पोवाडा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुन्यांपैकी मानला जातो. घडलेली घटना, तिचा नायक, प्रसंगांची चढती कमान, आणि डफाच्या ठेक्यावर झील धरणारे साथीदार, असा त्याचा बांधा. १८६९ मध्ये जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि कुळवाड्यांचा राजा ही प्रतिमा पुढे आणली. सत्यशोधकी जलसे आणि पुढे आंबेडकरी जलसे यांनी तमाशाचा साचा प्रबोधनासाठी वापरला. अण्णाभाऊंना हा वारसा तयार मिळाला होता.

७/
१९४२ च्या ऑगस्टपासून व्होल्गाकाठच्या स्टालिनग्राड शहरात जर्मन आणि सोव्हिएत फौजांची घनघोर लढाई पेटली. घराघरांतून, कारखान्यांच्या भग्न दालनांतून ती लढली गेली. २ फेब्रुवारी १९४३ रोजी तेथील उरलेल्या जर्मन फौजेने शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षी मुंबईच्या कामगार वस्तीतील तेवीस वर्षांच्या या तरुणाने ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. त्याने रशिया पाहिला नव्हता, बर्फ पाहिला नव्हता. कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तुळात वाचल्या जाणाऱ्या आणि सांगितल्या जाणाऱ्या बातम्या, एवढीच सामग्री.

८/
तरीही हा पोवाडा श्रमिकांना आपला वाटला. कारण उघड आहे. वेढा पडलेला गड, संख्येने मोठा शत्रू, मूठभर शर्थीचे रक्षक, हा आकृतिबंध मराठी कानांना नवा नव्हता. चाकणच्या संग्रामदुर्गाचेच पाहा. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा याने शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेसमोर जवळजवळ दोन महिने तो झुंजवला. अशा कथांवर पोसलेल्या श्रोत्याला व्होल्गाकाठचे अनोळखी शहर समजावून सांगावे लागले नाही. शाहिराने फक्त गड बदलला आणि गडकऱ्यांच्या जागी कारखान्यातील मजूर उभे केले.

९/
१९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. अमर शेख मूळचे बार्शीचे. हजारोंच्या सभेत शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा पहाडी आवाज ही त्यांची ख्याती. अण्णाभाऊंची लेखणी, शेखांचा गळा आणि गव्हाणकरांची साथ असा हा मेळ होता. वर्षभर आधी, मे १९४३ मध्ये, मुंबईत ‘इप्टा’ची, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची, स्थापना झाली होती. देशभरातील नट, गायक, लेखक त्या चळवळीत आले. त्या ओघामुळे मराठी शाहिरी प्रथमच मराठी मुलखाबाहेरच्या कलावंतांच्या कानावर जाऊ लागली.

१०/
या काळात अण्णाभाऊंनी तमाशाची रचनाच बदलली. पारंपरिक तमाशात आधी गण, म्हणजे गणपतीचे स्तवन, मग गवळण, त्यानंतर बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. अण्णाभाऊंच्या गणात देवतेच्या जागी मायभूमी, श्रमिक आणि हुतात्मे आले. गवळण गळाली. वगात राजा-प्रधानाऐवजी सावकार, शेठजी, पुढारी आणि त्यांना उलट प्रश्न विचारणारा गडी उभा राहिला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ ही शीर्षकेच विषय सांगतात. हसवण्याची जबाबदारी मात्र सोंगाड्याकडेच राहिली.

११/
विषयांचा पल्ला पाहण्यासारखा आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर ‘बंगालची हाक’. अमळनेरच्या गिरणी कामगारांवर १९४६ मध्ये झालेल्या गोळीबारावर ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’. फाळणीच्या रक्तपातावर ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’. वृत्तपत्र न वाचू शकणाऱ्या वस्तीसाठी कलापथक हेच वृत्तपत्र होते आणि अग्रलेखही. बंगालची भूक वरळीच्या चाळीत गायली जात होती. खानदेशातील मजुराचे मरण परळला कळत होते.

१२/
याची दखल सरकारने घेतली नसती तरच नवल. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. कारण अश्लीलतेचे सांगितले गेले. पण त्या जाळ्यात राजकीय वगही अडकले आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. पुढे तमाशावरील बंदी अटींसह शिथिल झाली, संहिता तपासून घेण्याची व्यवस्था आली. याच काळात ‘लोकनाट्य’ हा शब्द रुळला. तमाशा म्हटले की अडवणूक आणि लोकनाट्य म्हटले की परवानगी, असा तो मामला. आज सन्मानाने वापरल्या जाणाऱ्या या शब्दामागे बंदीचा इतिहास आहे, हे लक्षात ठेवावे.

१३/
संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही शाहिरी पुन्हा रस्त्यावर आली. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णाभाऊंची छक्कड याच काळातील. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची मैना, असा वरवर विरहाचा विषय. पुढे या विरहाला बेळगाव, कारवार आणि मुंबई यांच्या ताटातुटीचा अर्थ मिळतो. अमर शेख यांच्या आवाजात ती सभासभांतून घुमली. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले. छक्कडीतील सीमाभाग मात्र बाहेरच राहिला, आणि म्हणून ती आजही गायली जाते.

१४/
येथपर्यंतची कथा महाराष्ट्राची. एक स्थानिक गाणे परदेशी कसे जाते, हे नीट कळण्यासाठी त्याच काळात दुसऱ्या टोकाला काय घडत होते ते थोडक्यात पाहू. वेस्ट इंडिजमधील त्रिनिदाद बेटावर ‘कॅलिप्सो’ नावाची गायकी होती. तीही मजूर वस्तीतील, चालू घटनांवर झोड उठवणारी, द्व्यर्थी आणि सरकारला खुपणारी. १९३४ मध्ये तेथील वसाहती सरकारने कायदा करून तिच्यावर सेन्सॉरचा बडगा उगारला. तिचे गायक ‘लॉर्ड’, ‘अटिला’ अशी भारदस्त नावे घेऊन तंबूत गात. शाहीर आणि कॅलिप्सो गायक परस्परांना ओळखत नव्हते. पण त्यांचा धंदा एकच होता.

१५/
१९४३, म्हणजे स्टालिनग्राडच्या पोवाड्याचेच वर्ष. त्रिनिदादमध्ये अमेरिकी सैनिकांचे तळ पडले होते. त्या छावण्यांमुळे बेटावर काय चालले आहे, यावर लॉर्ड इन्व्हेडर या गायकाने ‘रम अँड कोका-कोला’ हे गाणे केले. एका अमेरिकी विनोदवीराने ते उचलले आणि आपल्या नावावर नोंदवले. १९४५ मध्ये अँड्र्यूज भगिनींनी गायलेली त्याची तबकडी अमेरिकेत अफाट खपली. मूळ गायकाला आपल्याच गाण्यासाठी न्यू यॉर्कच्या न्यायालयात जावे लागले. खटला त्याने जिंकला. पण गाणे आधी जगभर गेले, आणि गायक त्याच्या मागे धावत राहिला.

१६/
पुढे वाट रुंदावली. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाजाने लॉर्ड किचनर लंडनला पोहोचला. १९५६ मध्ये हॅरी बेलाफोंटे यांच्या ‘कॅलिप्सो’ या तबकडी-संचाने अमेरिकेत विक्रम केला. १९७० च्या दशकात लॉर्ड शॉर्टी याने कॅलिप्सोत ढोलक, धंताल ही भारतीय वाद्ये मिसळून ‘सोका’ हा प्रकार घडवला. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय गिरमिटियांच्या वंशजांनी ती वाद्ये तेथे जिवंत ठेवली होती. १९८२ मध्ये माँटसेराट या चिमुकल्या बेटावरील ॲरो या गायकाचे ‘हॉट हॉट हॉट’ जगभर वाजू लागले. कॅरिबियन गाण्याला जगात नेणारी शक्ती होती तबकड्यांची बाजारपेठ आणि स्थलांतर.

१७/
अण्णाभाऊंच्या मागे अशी बाजारपेठ नव्हती. त्यांची वाट वेगळी : पक्ष, भारत-सोव्हिएत मैत्रीच्या संस्था आणि अनुवादक. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात संस्कृतीच्या आघाडीवरही चढाओढ होती. आशिया-आफ्रिकेतील श्रमिक लेखकांचे साहित्य रशियनमध्ये आणणे हे सोव्हिएत संस्थांचे धोरण होते. १९५४ मध्ये राज कपूरचा ‘आवारा’ तेथे लोकप्रिय झाला तोही याच वातावरणात. अण्णाभाऊंची ‘चित्रा’ ही कादंबरी आणि ‘सुलतान’ ही कथा रशियनमध्ये गेली, आणि स्टालिनग्राडच्या पोवाड्याने त्यांचे नाव तेथे आधीच नेले होते.

१८/
१९६१ मध्ये भारत-सोव्हिएत सांस्कृतिक संस्थेमार्फत अण्णाभाऊंना रशियाला जाण्याची संधी मिळाली. निवड झाली, पण खिशात पैसा नव्हता. मित्र आणि चाहते यांच्या मदतीने प्रवासाची जुळवाजुळव झाली. ज्याला तीस वर्षांपूर्वी रेल्वेचे तिकीट परवडले नव्हते, तो माणूस विमानाने मॉस्कोला उतरला. लेनिनग्राड, बाकू ही शहरे त्याने पाहिली. परतल्यावर ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिले. मराठी प्रवासवर्णनांचा तोवरचा लेखक बहुधा सुखवस्तू, इंग्रजी शिकलेला असे. झोपडीत राहणाऱ्या कामगाराने लिहिलेले हे प्रवासवर्णन त्या परंपरेत वेगळे उठून दिसते.

१९/
इतिहासाचा विद्यार्थी येथे एक पथ्य पाळतो. अण्णाभाऊंनी पाहिलेला रशिया हा पाहुण्यांना दाखवलेला रशिया होता. स्टालिनच्या काळातील छळाविषयी ख्रुश्चेव्ह यांचे भाषण १९५६ मध्येच झाले होते; त्या बाजूचा शोध या पुस्तकात घ्यायला जाऊ नये. पुस्तकाचे मोल दुसरीकडे आहे. जन्मापासून ज्याला जात विचारली गेली, त्याला एका परक्या देशात लेखक म्हणून वागवले गेले. तो अनुभव कसा असतो याचा हा अस्सल दस्तऐवज आहे. पाहुणचार नियोजित असेल; पाहुण्याला वाटलेले अप्रूप खरे होते.

२०/
अण्णाभाऊंना जग सापडण्यापूर्वी त्यांनी महाराष्ट्राला एक जग दाखवले होते. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन करताना, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित आणि कष्टकरी यांच्या तळहातावर तरलेली आहे, अशा आशयाचे विधान त्यांनी केले. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, ‘फकिरा’ ही कादंबरी आली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. वि. स. खांडेकरांनी प्रस्तावना लिहिली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. रशियाचा प्रवासही त्याच वर्षीचा.

२१/
आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ : पदरात काय पडले? तीसहून अधिक कादंबऱ्या, डझनाहून अधिक कथासंग्रह, वग, पोवाडे, प्रवासवर्णन. सात कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. ‘वैजयंता’, ‘टिळा लाविते मी रक्ताचा’, ‘डोंगरची मैना’, ‘वारणेचा वाघ’ ही त्यांतील काही नावे. एवढे लिहिणारा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहत होता. रशियाहून परतल्यावरही पत्ता तोच राहिला. अखेरीस गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळाले. तेथे फार दिवस लाभले नाहीत. १८ जुलै १९६९ रोजी, एकोणपन्नास वर्षे पूर्ण होण्याआधी, त्यांचे निधन झाले.

२२/
त्याच वर्षी २९ ऑगस्टला अमर शेख यांचे अपघाती निधन झाले. दीड महिन्यात लाल बावट्याची लेखणी आणि गळा दोन्ही थांबले. येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. अनुवाद होऊन जे परदेशी गेले ते शब्द होते. डफाची थाप, शेखांचा चढा सूर, झीलकऱ्यांची ओढ, समोरच्या गर्दीतून आलेल्या प्रतिसादावर ऐन वेळी बदललेला संवाद, यांचा अनुवाद होत नसतो. जगाला लेखक अण्णाभाऊ मिळाले. शाहीर अण्णाभाऊ ज्यांनी ऐकले, त्यांच्याच जवळ राहिले.

२३/
हे एकट्या अण्णाभाऊंचे दैव होते काय? चाकणवरून नाशिकच्या वाटेला लागले की राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगाव येते. हंगामात येथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रांचे पुढारी येऊन सुपाऱ्या ठरवतात. याच गावचे नाव लावणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचा खर्च लोकांच्या मदतीतून भागवावा लागला. सन्मानाचा मार्ग दिल्लीचा असो वा मॉस्कोचा, तो उदरनिर्वाहाच्या दारावरून जाईलच असे नाही.

२४/
त्रिनिदादच्या उदाहरणाची येथे आठवण ठेवावी. बाजारपेठेने लॉर्ड इन्व्हेडरचे गाणे नेले आणि नाव मागे ठेवले. नाव परत मिळवायला कायदा होता आणि वकील होते. राज्यसत्तेने अण्णाभाऊंचे नाव नेले आणि मान दिला. पण त्या मानातून घर चालण्याची व्यवस्था उभी राहिली नाही. पुढे सोका गायकांच्या पिढीने तबकडी, दौरे आणि हक्क यांवर उपजीविका उभारली. मराठी शाहिराला मानधन सुपारीवर मिळे, आणि सुपारी हंगामावर अवलंबून असे. कलेचा दर्जा दोन्हीकडे अव्वल. फरक पडला तो कलावंताच्या हाती काय उरते, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेमुळे.

२५/
पुन्हा या औद्योगिक पट्ट्याकडे वळू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. तारीख योगायोगाने अण्णाभाऊंच्या जन्मदिनाची. मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथे कारखाने वाढले, आणि शतकाच्या अखेरीस चाकण वाहनउद्योगाचे केंद्र होऊ लागले. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा येथून माणसे आली. वालुबाई आणि भाऊराव ज्या कारणासाठी चालत निघाले होते, त्याच कारणासाठी; फक्त या वेळी एसटीने आणि रेल्वेने.

२६/
म्हणून निगडीच्या पुतळ्याभोवती जमणारी गर्दी केवळ जयंतीची राहत नाही. गाव सोडून आलेला कामगार, भाड्याची खोली, पाळीचे काम आणि गावी राहिलेली माणसे, हा त्या छक्कडीचा विषय येथे अजून चालू आहे. २००२ मध्ये अण्णाभाऊंवर टपाल तिकीट निघाले, २०२० मध्ये जन्मशताब्दी झाली, २०२२ मध्ये मॉस्कोचा पुतळा. मान्यता उशिरा का होईना, आली. ती त्यांच्या हयातीत आली असती तर चिरागनगरच्या झोपडीतील दिव्याला तेल पुरले असते, एवढीच खंत.

२७/
या धाग्याचे सार एवढेच. अण्णाभाऊ जगापर्यंत गेले ते आपला पोवाडा मागे टाकून गेले नाहीत. त्यांनी स्टालिनग्राडला डफावर बसवले, बंगालच्या भुकेला झील दिली, आणि जगाची बातमी लेबर कॅम्पच्या बोलीत आणली. जग त्यानंतर त्यांच्याकडे वळले. त्यांच्या वाचनाची सुरुवात करू इच्छिणाऱ्याने ‘फकिरा’ घ्यावी, मग ‘माझा रशियाचा प्रवास’. आणि १ ऑगस्टच्या संध्याकाळी शक्य असेल तर निगडीला जाऊन एखादा पोवाडा उभ्याने, गर्दीत, शेवटपर्यंत ऐकावा. छापील पानात जे मावले नाही त्याची थोडी कल्पना तेथे येते. कार्यक्रम संपल्यावर गाणाऱ्याला त्याचे मानधन मिळाले का, हेही एकदा विचारून पाहावे.